भाग काढला आणि काहीच बंद पडलं नाही, मग त्याचं काम काय होतं?

पीलबाग (यावल)

राम राम मंडळी. मी इकडे यावल तालुक्यात ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं केळीवाल्या घरातली. अवयव आणि त्यांची कार्यं चालू होतं. मी म्हटलं की एखाद्या भागाचं काम ओळखायची सोपी रीत म्हणजे तो नसला तर काय बंद पडतं ते बघायचं. तर एक पोरगी उठून म्हणाली, मॅडम, आम्ही तर केळी निसवली आणि शेवटची फणी मोकळी झाली की कमळ, म्हणजे घडाच्या टोकाचं केळफूल, मोडून टाकतो, बंद काहीच पडत नाही, उलट घड चांगला भरतो, मग कमळाला काम नाही का?

मी तिला सांगितलं की वरच्या फण्या मादी फुलांच्या आणि खाली कमळात असतात ती नर फुलं. जंगली केळीत वटवाघळं नाहीतर सूर्यपक्षी एका झाडाच्या नर फुलांतला पराग दुसऱ्या झाडाच्या मादी फुलांवर नेतात तेव्हा बी धरतं. आपल्या लागवडीच्या जाती, जी-नाईन घ्या, श्रीमंती घ्या, बसराई घ्या, सगळ्यांत गुणसूत्रांचे तीन-तीन संच, म्हणून बी धरत नाही आणि परागाशिवायच फळ भरतं. म्हणजे कमळाचं जुनं काम गेलं पण कमळ राहिलं, आणि ते वाढताना अन्न तर घेतंच, म्हणून मोडलं की तेवढं घडाला मिळतं. पोरीला पटलं. पण मला पुढचा प्रश्न पडलाय.

एक भाग दुसऱ्यावर अवलंबून असणं आणि एखाद्या भागाला काम असणं, या दोन गोष्टी एकच आहेत का वेगळ्या? आता केळीचं खोडच बघा. ते खोड नाहीच, पानांचे तळ एकात एक गुंडाळून झालेला खांब आहे, खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. घड कापला की त्या खांबाचं काम संपलं असं वाटतं, पण तो काही दिवस उभा ठेवला तर त्यातलं अन्न-पाणी पिलाला, म्हणजे कंदातून फुटलेल्या नव्या कोंबाला, मिळत राहतं म्हणून बरेच शेतकरी लगेच बुडापासून तोडत नाहीत. मग त्याचं काम घड पेलणं का पील पोसणं? इथे मशीनवाले, रेल्वेवाले, संस्कृतवाले, शेतकरी सगळे आहेत म्हणून विचारते, तुमच्याकडे भागाचं काम कसं ठरवतात?


वायंडिंगवाला (चाळीसगाव)

मॅडम नमस्कार. मी मोटार रिवाइंडिंग करतो, शेतीपंपाच्या मोटारी जास्त. तुमच्या पोरीचा प्रश्न आमच्या दुकानात रोज येतो फक्त वेगळ्या तोंडानं येतो.

शेतकरी येतो आणि सांगतो स्टार्टरमधला रिले सारखा ट्रिप मारून राहिला, मधी पाणी बंद पडतं, रात्री उठून जावं लागतं. कोणीतरी त्याला सांगतं रिले डायरेक्ट करून टाक, म्हणजे रिले वगळून वायरी थेट जोड. तो करतो. मोटार मस्त चालते, आठ दिवस चालते, महिना चालते. मग तो सगळ्या गावाला सांगतो की रिले काही कामाचा नसतो, कंपनीवाले उगीच बसवतात. आता तुमच्या रितीनं बघितलं तर त्याचं म्हणणं खरं आहे, भाग काढला आणि काहीच बंद पडलं नाही. पण एका रात्री लाईनचा एक फेज जातो, मोटार चालू असते ती दोन फेजवर चालतच राहते, करंट जास्त ओढते, गरम होते आणि जळते. मी मोटार खोलली की कॉइलवरूनच सांगतो काय झालं ते, सगळ्या कॉइल सारख्या काळ्या असल्या तर ओव्हरलोड, काही काळ्या आणि मधल्या काही एकदम नव्यासारख्या असल्या की समजायचं फेज गेला होता. करंट वाढला की मोटार बंद पाडायची, हे रिलेचं काम त्या रात्रीचं होतं. बाकी सगळे दिवस तो नुसता बसून असतो आणि बसून असणं हेच बरोबर असतं.

दुसरं, फूटवॉल. विहिरीत सक्शन पाईपच्या टोकाला असतो. मोटार चालू असताना त्याचं काम म्हणजे फक्त उघडं राहणं. खरं काम मोटार बंद झाल्यावर, पाईपातलं पाणी धरून ठेवायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी मोटार फिरते पण पाणी उचलत नाही, पाईपात पाणी भरल्याशिवाय पंप पाणी ओढत नाही. म्हणजे बिघाड झाला रात्री बंद असताना आणि दिसला सकाळी चालू केल्यावर, आणि दोष सगळे मोटारीला देतात.

आणि तिसरं मला सगळ्यात भारी वाटतं ते असं की कधीकधी एकही भाग खराब नसतो, एकही कमी नसतो, फक्त तीनपैकी दोन वायरी अदलाबदल झालेल्या असतात, मोटार उलटी फिरते, आवाज येतो, करंट घेते, आणि पाणी एकदम बारीक येतं. सुटा प्रत्येक भाग तपासा, सगळे पास. आता यात कोणता भाग काम करत नाही ते सांगा?


जळगाव_ते_हिंजवडी

वरच्या भाऊंनी मुद्द्यालाच हात घातला. मी चिप डिझाईनमध्ये आहे, आमच्याकडे याच प्रश्नावर खरंच प्रयोग झालाय. २०१७ साली जोनास आणि कोर्डिंग या दोन संशोधकांनी एक पेपर काढला, त्यांनी एमओएस ६५०२ नावाचा जुना प्रोसेसर घेतला, १९७५ चा, ॲपलचे पहिले कॉम्प्युटर आणि अटारीचे व्हिडिओ गेम ज्यावर चालायचे तो. त्याचे साधारण साडेतीन हजार ट्रान्झिस्टर कॉम्प्युटरवर सिम्युलेट केले आणि मेंदूचे शास्त्रज्ञ मेंदूवर ज्या पद्धती वापरतात त्या या चिपवर वापरून बघितल्या. त्यातली एक म्हणजे तुमचीच, एकेक ट्रान्झिस्टर बंद करायचा आणि तीन गेमपैकी कोणता गेम सुरू होत नाही ते बघायचं. तर काही ट्रान्झिस्टर असे निघाले की ते बंद केले तर फक्त डाँकी काँगच चालत नाही, बाकीचे दोन गेम चालतात. म्हणजे तो डाँकी काँगचा ट्रान्झिस्टर झाला का? अजिबात नाही. तो कुठल्या तरी साध्या हिशोबाचा तुकडा आहे, त्या गेमला सुरुवातीला तो हिशोब लागतो आणि बाकीच्यांना लागत नाही, एवढंच. चिपचा नकाशा पूर्ण माहीत असूनही या रितीनं चिप कशी चालते ते काही कळलं नाही.

रिचर्ड ग्रेगरी नावाच्या मानसशास्त्रज्ञानं याच्या किती तरी आधी रेडिओचं उदाहरण दिलं होतं, रेडिओतला एक रेझिस्टर काढला आणि रेडिओ किंचाळायला लागला तर त्या रेझिस्टरचं काम किंचाळणं दाबून धरणं होतं असं म्हणायचं का?

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, काढून बघितल्यावर कोण कोणावर अवलंबून आहे ते कळतं आणि ते कळणंही फार मोलाचं आहे, पण काम त्यावरून कळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचा जेमतेम ११ ओळींचा कोड त्याच्या लेखकानं इंटरनेटवरून काढून घेतला आणि जगभरातले प्रोजेक्ट बिल्ड व्हायचे, म्हणजे कोड जोडून तयार व्हायचे, थांबले. त्याचं काम काय तर अक्षरांच्या डावीकडे मोकळी जागा भरणं. काम एवढंसं, अवलंबून अर्धं जग.


पीलबाग (यावल)

हे चिपचं मला माहीत नव्हतं, पोरांना नक्की सांगेन. आमच्याकडे याचा उलटा भाग दिसतो. उंदरातला एखादा जीन बंद करून बघायची पद्धत आहे, तिच्यासाठी कापेकी, एव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ चं नोबेल मिळालं. पद्धत जबरदस्त आहे पण कितीदा असं होतं की जीन बंद केला आणि उंदीर ठणठणीत, कारण दुसरा एखादा जीन तेच काम उचलून धरतो. किडनीचं तसंच, एक काढून दिली तरी माणूस नीट जगतो, म्हणून त्या किडनीला काम नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. प्लीहा काढलेला माणूसही चालतो फिरतो पण त्याला ठरावीक लसी द्याव्या लागतात कारण काही जंतूंपुढे तो उघडा पडतो, म्हणजे वायंडिंगवाले भाऊ म्हणतात तसं, एका रात्रीपुरतं काम.

आणि दुसऱ्या टोकाला रॉबर्ट पेन यांचा तारामाशाचा प्रयोग. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर खडकांच्या एका पट्ट्यातून ते तारामासे उचलून समुद्रात लांब फेकत राहिले, तर शिंपल्यांनी सगळी जागा व्यापली आणि १५ जातींच्या ८ राहिल्या, १९६६ चा पेपर आहे. म्हणजे सगळा पट्टा तारामाशावर अवलंबून. पण तारामाशाचं 'काम' १५ जाती टिकवणं आहे का? तो बिचारा पोट भरतो. मला तर आता वाटायला लागलंय की काम हा शब्द आपण नको तिथे वापरतो.


निवृत्त_मास्तर (अमळनेर)

मॅडम, शब्द टाकून देऊ नका, त्यावर आपल्याकडे फार बारकाईनं विचार झालेला आहे. आमच्या अमळनेरला प्रतापशेठजींनी १९१६ साली काढलेलं तत्त्वज्ञान मंदिर आहे, साने गुरुजीही तिथे शिकायला होते, त्यामुळे या गावात असल्या चर्चा पारावरही चालतात. मी संस्कृत शिकवायचो, मीमांसेतलं, म्हणजे यज्ञाबद्दलच्या वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रातलं, थोडं सांगतो.

यज्ञ म्हणजे शेकडो लहानमोठ्या क्रियांची रचना. भांडी घासायची, दर्भ आणायचा, पाणी आणायचं, तांदूळ सडायचे, आहुत्या द्यायच्या. मीमांसकांपुढे प्रश्न असा की यातलं मुख्य काय आणि दुसऱ्यासाठी काय, अंगी कोणता आणि अंग कोणतं. मीमांसासूत्रं रचणाऱ्या जैमिनींनी तिसऱ्या अध्यायात व्याख्या केली, शेषः परार्थत्वात्. जे दुसऱ्यासाठी आहे ते शेष, म्हणजे अंग. बघा, त्यांनी 'ज्याच्यावाचून अडतं ते अंग' असं म्हटलं नाही. अडणं हा कसोटीचा मुद्दाच ठेवला नाही, कुणासाठी आहे हा मुद्दा ठेवला. आणि ते ठरवायला सहा प्रमाणं दिली, श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या, आणि दोघांत विरोध आला तर आधीचं बलवान. म्हणजे कोण कुणाचा भाग हे अंदाजानं सांगायचं नाही, पुरावा द्यायचा, आणि पुराव्यांतही पायऱ्या.

आता यातलं मला फार आवडतं ते उदाहरण. यज्ञात पाणी चमस नावाच्या भांड्यातून आणायचं. पण ज्याला गुरंढोरं हवी आहेत त्यानं ते गोदोहनातून, म्हणजे दूध काढायच्या भांड्यातून आणायचं. पाणी आणणं यज्ञासाठी आहे, त्याशिवाय यज्ञ व्हायचा नाही. पण भांडं गोदोहनच हवं हे यज्ञासाठी नाही, ते त्या माणसाच्या इच्छेसाठी आहे. पहिल्याला क्रत्वर्थ म्हणतात, दुसऱ्याला पुरुषार्थ. कृती एक, हातात भांडं एक, आणि त्यात दोन वेगळ्या 'साठी' गुंतलेल्या. तुमच्या केळीच्या घडात हेच आहे. फळ कुणासाठी? जंगली केळीच्या वंशासाठी असेल तर बी हवं आणि कमळ हवं. शेतकऱ्यासाठी असेल तर बी नको आणि कमळ भार. तुम्ही दोन वेगळ्या अंगींचं एकच अंग धरून बसलात म्हणून गोंधळ होतो.

अजून एक. नित्य कर्मात, म्हणजे न चुकता करायच्याच कर्मात, एखादं अंग राहिलं तरी कर्म होतं, जेवढं जमेल तेवढं करावं असं मीमांसक म्हणतात. पण काम्य कर्म, म्हणजे ठरावीक फळ हवं म्हणून केलेलं, त्यात सगळी अंगं पुरी हवीत, एकही राहिलेलं चालत नाही. तेच अंग, एकीकडे नसलं तरी चालतं आणि दुसरीकडे नसलं तर सगळं फुकट. तर किती अवलंबून आहे हेसुद्धा हेतूवर ठरतं. जैमिनीची सूत्रं दोन हजार वर्षांच्या आसपासची आहेत, आणि चिपवाल्या भाऊंचा पेपर वाचून मला राहून राहून वाटतं की संशोधकांनी ट्रान्झिस्टरबद्दल हा प्रश्न आधी विचारायला हवा होता, हा कुणासाठी आहे?


स्टेथोस्कोप (धुळे)

मास्तर, आदर आहे पण मला हे पटत नाही. 'कुणासाठी' हे बघणाऱ्यावर सोडलं तर काहीही काहीचं काम होऊन बसेल. हृदय रक्त ढकलतं आणि आवाजही करतं. मी रोज तो आवाज ऐकून निदान करतो, व्हॉल्व्ह कसा आहे ते आवाजावरून कळतं, लेनेकनं १८१६ ला स्टेथोस्कोप काढला तेव्हापासून आम्हा डॉक्टरांसाठी तो आवाज सोन्यासारखा आहे. म्हणून आवाज करणं हे हृदयाचं काम झालं का? नाही. रक्त फिरवणं हेच काम, आणि हार्वेनं १६२८ ला रक्ताभिसरणावरचं पुस्तक छापायच्या आधीही ते तेच होतं, कोणाला माहीत नव्हतं तरी. अमेरिकेत लॅरी राईट म्हणून तत्त्वज्ञ, त्यांनी १९७३ मध्ये हे नीट मांडलं, एखादी गोष्ट ज्या परिणामामुळे तिथे टिकली आहे तो परिणाम म्हणजे तिचं काम. हृदयं रक्त ढकलतात म्हणून हृदयवाले प्राणी टिकले, आवाज करतात म्हणून नाही. यात बघणाऱ्याची इच्छा येतच नाही.


निवृत्त_मास्तर (अमळनेर)

डॉक्टरसाहेब, आक्षेप बरोबर जागी लागला. पण मी बघणाऱ्याच्या मर्जीवर सोडा म्हटलं नाही, म्हणूनच तर सहा प्रमाणं सांगितली. राईट यांचं मत इतिहासाचा पुरावा मागतं, चांगलं आहे. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये कमिन्स यांनी दुसरी बाजू मांडली, भागाचं काम म्हणजे त्या पूर्ण व्यवस्थेला जे जमतं त्यात त्या भागाचा वाटा, इतिहास काहीही असो. आता पिसं बघा. काही डायनोसॉरांना पिसं होती तेव्हा त्यांतले बहुतेक उडत नव्हते, ऊब म्हणा, दिखावा म्हणा, उडणं नंतर आलं. असं जुनं अंग नव्या कामाला लागतं त्याला गूल्ड आणि व्हर्बा यांनी १९८२ मध्ये वेगळं नावच दिलं. पहिल्यांदा उडलेल्या त्या प्राण्याच्या पिसांचं काम काय होतं? राईट म्हणतील ऊब, कमिन्स म्हणतील उडणं, आणि तो प्राणी तर झाडावरून खाली येऊन राहिलाय. दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. एकाचा प्रश्न हे इथे का आहे, दुसऱ्याचा प्रश्न हे इथे काय करतंय.


पीलबाग (यावल)

डॉक्टर आणि मास्तर, दोघांचं वाचून माझ्या डोक्यात एक गोष्ट जागेवर बसली. कमळ केळीत का आहे हे राईटच्या रितीनं सांगायला पूर्वज केळीकडे जावं लागतं. ते आज काय करतंय याचं उत्तर वेगळं, अन्न घेतंय, बस्स. आणि बी नसलेली केळी माणसानंच निवडून निवडून, पिलं लावून लावून वाढवली, कमळ नसलेली निवडायचं कारण पडलं नाही कारण हातानं मोडायला फार वेळ लागत नाही. उंबरात मात्र दोन्ही उत्तरं एकच येतात. उंबराच्या आत जे बारीक किडे असतात त्यांची मादी आत शिरते, पराग आणते, अंडी घालते, किड्याची पैदास दुसरीकडे कुठे होत नाही आणि उंबराला त्या किड्याशिवाय बी नाही. तरी किडा उंबरासाठी आहे असं म्हणवत नाही, उंबर किड्यासाठी आहे असंही नाही. दोघं एकमेकांशिवाय अडतात, पण कुणी कुणाचं अंग नाही. म्हणजे अवलंबून असणं पूर्ण आणि अंगांगीभाव शून्य, असंही असतं.


सिग्नलवाला (भुसावळ)

मी रेल्वेत सिग्नलला होतो. तुमचं सगळं जीवशास्त्र निसर्गानं केलेल्या वस्तूंचं आहे, आमच्याकडे माणसानं मुद्दाम केलेलं असतं, आणि तिथे अवलंबून असणं हे संकट नसून हत्यार आहे, ते सांगतो.

ट्रॅक सर्किट. रुळाच्या एका तुकड्यातून एका टोकाकडून बारीक करंट सोडतात, तो रुळांतून जाऊन दुसऱ्या टोकाला रिलेला उचलून धरतो. रिले उचललेला आहे तोवर सिग्नल हिरवा देता येतो. गाडी त्या तुकड्यात आली की चाकं आणि धुरा दोन्ही रुळ जोडून टाकतात, करंट रिलेपर्यंत जात नाही, रिले पडतो, सिग्नल लाल. आता मजा बघा, वायर तुटली तरी रिले पडतो. बॅटरी संपली तरी पडतो. रुळ आरपार तुटला तरी बहुतेक वेळा पडतो. म्हणजे प्रत्येक भाग गेला की लालच होतं. आमच्या लोकांनी मुद्दाम हिरव्याला सगळ्या भागांवर अवलंबून ठेवलं आणि लालला कशावरच नाही. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ ला हे सर्किट काढलं, आणि त्याच साली वेस्टिंगहाऊस यांनी आपोआप लागणारा एअर ब्रेक काढला, तोही याच डोक्याचा. ब्रेकच्या पाईपात हवेचा दाब आहे तोवर ब्रेक मोकळे राहतात, दाब गेला की लागतात. गाडी मधून तुटली, पाईप फुटला, दोन्ही तुकडे आपोआप थांबतात.

डॉक्टरसाहेब, तुमच्या रितीनं सांगा, त्या करंटचं काम काय? लोक म्हणतात गाडी आली हे कळवणं. पण गाडी आल्यावर करंट तर पोचतच नाही! गाडी नाही एवढंच तो दर क्षणाला सांगत असतो. आणि वायंडिंगवाले भाऊ, तुमच्या स्टार्टरमधली नोव्होल्ट कॉइल हेच करते ना, लाईट गेली की सोडून देते?


वायंडिंगवाला (चाळीसगाव)

बरोबर बोललात काका. लाईट आहे तोवर कॉइल स्टार्टरला धरून ठेवते, लाईट गेली की सोडते, म्हणजे लाईट आल्यावर मोटार आपोआप चालू होत नाही, कोणी विहिरीत उतरलं असलं तर वाचतं. पण रात्रीच्या लाईटीला लोक ऑटो बसवतात, लाईट आली की मोटार आपोआप सुरू, शेतकऱ्याला थंडीत झोप मिळते. मी कोणाला दोष देत नाही, रात्री दोन वाजता साप-विंचवात जाऊन बटण दाबणं काय असतं ते मला माहीत आहे. पण त्या कॉइलचं अर्धं काम ऑटोनं खाल्लं. म्हणून ऑटो लावला तर विहिरीत उतरण्याआधी मेन स्वीच पाडून फ्यूज खिशात घालायचा, एवढं तरी करा.


पांझराकाठ (साक्री)

भाऊसहोन, बठ्ठं समजनं नही पन वाचाले मजा उनी. तुम्ही सगळे वस्तूंचं बोलून राहिले, मी गावाचं सांगतो.

आमच्याकडे पांझरेवर, मोसमवर जुन्या काळचे दगडी बंधारे आहेत, तीनशे वर्षांपासूनचे असतील. बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि खालची सगळी जमीन फडांत वाटलेली, बहुतेक ठिकाणी चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, एकात ऊस, एकात दुसरं हंगामी, एखादा पडीत, आणि दरसाली फिरवायचं. शक्यतो प्रत्येकाची थोडी थोडी जमीन सगळ्या फडांत, म्हणजे फड पडीत राहिला तर सगळ्यांचंच थोडं थोडं राहतं, एकाच्या माथी बसत नाही. पाणी शेतकऱ्यानं स्वतः घ्यायचं नाही, पाटकरी देतो. पाटकऱ्यावर हवालदार. पिकाची राखण जागल्या करतो. पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा.

आता मास्तरांच्या भाषेत बोलायचं तर माझं शेत अंग आणि फड अंगी. मला फडात वेगळं पीक घ्यायची मुभा नाही, कारण माझ्या एकट्याच्या पाण्याची पाळी वेगळी पडली तर पाटकऱ्याचा सगळा हिशोब मोडतो. ही बांधिलकी लोकांना जाचक वाटते, पण पाणी कमी पडलं त्या वर्षी हिच्यामुळेच शेवटच्या टोकाच्या माणसाला पाणी पोचायचं.

मग वर धरणं झाली, नदीचं वाहतं पाणी कमी झालं. विहिरी झाल्या, मोटारी आल्या. ज्याची विहीर आहे तो म्हणतो मला पाटकऱ्याची गरज काय, मी मला पाहिजे ते लावीन. चूक नाही त्याचं, केळी-डाळिंबात पैसा दिसतो. पण त्याच्या शेताला फडाचं पाणी लागेना म्हणून तो गाळ काढायला येईना, पाटकऱ्याला धान्य देईना. असे दहा झाले की पाट भरत नाही. पुष्कळ ठिकाणी बंधारा जागेवर आहे, पाट आहे, चारी आहे, जमीन तीच आहे, माणसं तीच. वायंडिंगवाले भाऊ म्हणतात तसं, सुटा सुटा प्रत्येक भाग तपासा, सगळे पास. आणि फड नाही.


पीलबाग (यावल)

दादा, हे वाचून अंगावर काटा आला. एक विचारू? यातला पाटकरी काढला असता तर? म्हणजे विहिरी झाल्या नसत्या, सगळे फडातच राहिले असते, फक्त पाटकरी नसता आणि ज्यानं त्यानं आपापलं पाणी घेतलं असतं तर?


पांझराकाठ (साक्री)

ताई, पाणी भरपूर असलं तर एक-दोन वर्षं चालून गेलं असतं, कोणाला फरक दिसला नसता. पण पाटकऱ्याची स्वतःची जमीन त्या चारीवर नसली तर बरं असं आमचे जुने लोक म्हणायचे, आणि त्याचं कारण तुमच्या प्रश्नात आहे. पाणी सोडायला काय, बारं, म्हणजे चारीतून शेतात पाणी घ्यायचं तोंड, कोणीही फोडतो, कुदळ सगळ्यांकडे आहे. वरच्या माणसाचं पीक वाळून राहिलं तरी त्याची पाळी संपली की त्याच्या डोळ्यादेखत बारं बंद करायचं आणि पाणी खाली न्यायचं, हे शेजारी शेजाऱ्याला करू शकत नाही, भांडणं होतात, सोयरीक तुटते. म्हणून त्याला धान्य सगळ्या फडातून मिळायचं, एका घरातून नाही. हवालदारही त्यासाठीच, पाटकऱ्यानं कोणाकडे जास्त वेळ बारं उघडं ठेवलं का ते बघायला. तुमच्या पोरांना घेऊन या एकदा पावसाळा संपल्यावर, ज्या बंधाऱ्यांवर अजून थोडंफार फड चालू आहे तिथे पाटकऱ्याशीच बोलता येईल.